पगार वाढवला, तरी खाडे आणि रिजेक्शन थांबेना

शिरोलीकर:
शिरोली एमआयडीसीत माझं सीएनसी जॉबवर्कचं छोटं युनिट आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनींवर दुसऱ्यांचे पार्ट करून देतो. तीन मशिनी, नऊ पोरं. दिवाळीला सगळ्यांचा पगार सरसकट दीड हजारानं वाढवला. महिना-दीड महिना काम झकास झालं, मग सोमवारचे खाडे पुन्हा सुरू. गेल्या आठवड्यात 400 बुशांतले (नळीसारखे पार्ट) 31 गिऱ्हाइकाकडून परत आले, सगळ्यांचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, 0.02 मिमीनं कमी. ओरडलं की मान खाली घालून ऐकतात, दुसऱ्या दिवशी तेच. पोरं वाईट नाहीत, दोघं तर आठ वर्षं माझ्याकडं आहेत. यांच्यात उमेद आणायची कशी?

जुना ऑपरेटर:
दादा, मी बारा वर्षं मशीनवर काढलीत म्हणून विचारतो. तुमच्याकडं बोअर गेज, भोकाचं नेमकं माप दाखवणारं, कुणाच्या ताब्यात असतं? मी होतो तिथं ते मालकांच्या केबिनमध्ये कुलपात. आमच्या हातात नुसता प्लग गेज, भोकात घालून जातोय का एवढंच बघायचं. तो अडला की कळायचं साइज गेली, पण ती कधीपासून सरकत चाललीय ते दिसायचंच नाही. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजलेला डोळ्यांना दिसतोय, तरी ऑफसेटला, म्हणजे मशीनवर टाकायच्या मापाच्या दुरुस्तीला, हात लावायचा नाही, सुपरवायझर येईपर्यंत जॉब काढत राहायचं. बोलणी मात्र आम्हालाच. तिथं दोन हजार वाढले काय नि पाच काय, माझं लक्ष घड्याळाकडंच असायचं.

पुणे_एचआर:
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 साली हेच मांडलं होतं. पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 इंजिनिअर आणि अकाउंटंटांशी बोलून. पगार बेताचा असला की माणूस कुरकुरतो, वाढवला की कुरकुर थांबते. जीव ओतून काम व्हायला जबाबदारी आणि केलेल्या कामाची कदर लागते. पण ती बऱ्या पगाराची माणसं होती, हे विसरू नका. तुमच्याकडं उचल किती जणांवर आहे, तेही बघा. महिनाअखेरीला घरात पैसे नसतील तर कौतुक कुणाच्या कानात शिरणार?

शिरोलीकर:
नऊपैकी सहा जणांवर उचल आहे. त्याचं काय करायचं ते बघतोय. आणि गेज माझ्याच कपाटात होतं, तीन वर्षांपूर्वी एकाच्या हातून पडलं तेव्हापासून. आज सकाळी ते काढून आठ वर्षं असलेल्यातल्या एकाच्या हातात दिलं. त्यानं आधी नेमक्या मापाच्या रिंगवर गेजचं शून्य लावलं, चार बुश मोजले, मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ऑफसेट मीच टाकू काय?" टाक म्हणालो.