सबनॉटिका: ब्लड केल्प अंधारात जगतं कशावर? बॉटनीवाल्यांनी यावं

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. परत सबनॉटिका लावलाय. सध्या सोलापुरात दुपारचं जे ऊन पडतंय त्यात पाण्याखालचा गेम सोडून दुसरं काही सुचतच नाही.

तर प्रश्न असा आहे. उथळ भागातलं क्रीपव्हाइन समजतं, वरून ऊन येतं, वेल उन्हाकडं वाढते, विषय संपला. पण सीमॉथ (गेममधली छोटी पाणबुडी) घेऊन ब्लड केल्पच्या खंदकात उतरलं की काळाकुट्ट अंधार आणि त्यात ह्या फिकट पांढरट वेली सरळ उभ्या. ऊन नाही म्हणजे प्रकाशसंश्लेषण नाही, मग एवढी उंची कशासाठी? आणि वर त्याला ते ब्लड ऑइल धरतं ज्याचं आपण फॅब्रिकेटरमध्ये, म्हणजे वस्तू बनवायच्या मशीनमध्ये, बेंझिन करतो. एवढी एनर्जी आणती कुठनं ती वेल? रूममेट म्हणतो गेम आहे बे, सोड की. मला काय सोडवत नाही.

अजून एक, किरकोळ. क्रीपव्हाइनच्या बियांच्या घोसातून सिलिकॉन रबर बनतं, हे तरी कुठल्या झाडाला जमेल का?

लका_कॅफेवाला

तू त्या खंदकात थांबून वेली बघतोस?? मी अम्पीलचा, त्या शॉक देणाऱ्या ईलचा, आवाज आला की सरळ वर 😂

तुरीची_शेंग

प्रश्न भारी आहे, एमएस्सीला असे विचारले असते तर मी वर्गात जागी राहिले असते.

आधी ऊन खरंच पुरत नाही का ते बघू. लाल प्रकाश पाण्यात पहिल्या काही मीटरातच शोषला जातो, खोल जातो तो निळा, आणि तोही कमी कमी होत जातो. १९८४ ला बहामाजवळ पाणबुडीतून लाल शेवाळ सापडलं होतं २६८ मीटरवर, ते फार स्वच्छ पाणी, आणि तेसुद्धा खडकाला चिकटलेला पातळ थर, उभी वेल नव्हे. तेवढ्या उजेडावर कुणी उंच होऊन तेल साठवेल हे होत नाही. म्हणून ऊन सोडा.

माझं म्हणणं, ब्लड केल्प ही वनस्पती नाहीच. (आपल्या समुद्रातलं केल्प पण वनस्पती नाही, तपकिरी शेवाळ आहे, पण तो वाद परत कधी.) ही वेल म्हणजे बॅक्टेरिया पाळणारं घर असावं. १९७७ ला गालापागोसजवळ समुद्रतळाशी गरम पाण्याचे झरे सापडले, तिथं रिफ्टिया नावाचे मोठे नळीकृमी होते. मोठ्या रिफ्टियाला तोंड नाही, आतडं नाही, अंगात बॅक्टेरिया भरलेले. ते हायड्रोजन सल्फाइड जाळून, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येतो तो गॅस, त्यातल्या एनर्जीवर कार्बन डायऑक्साइडपासून अन्न करतात. आणि रिफ्टियाचा तुरा लालभडक असतो कारण त्याच्यात हिमोग्लोबिन आहे, जे ऑक्सिजन आणि सल्फाइड दोन्ही एकाच वेळी वाहून नेतं, वेगवेगळ्या जागी धरून. आता सांगा, ब्लड केल्पमधलं "ब्लड" कुठनं आलं असेल?

झाडात हिमोग्लोबिन म्हणजे फेकाफेकी वाटत असेल तर बार्शीकडं पावसाळ्यात तुरीच्या रानात जा, एक रोप मुळासकट अलगद उपटा, मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी निघते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. गाठीतले बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन धरतात, त्यांच्या एन्झाइमला मोकळा ऑक्सिजन चालत नाही, म्हणून झाड तो धरून मोजून मोजून पुरवतं. म्हणजे बॅक्टेरिया पाळायचे आणि त्यांच्यासाठी लाल रंगाचं प्रोटीन बनवायचं, हे काम आपल्या तुरीलाही येतं.

आता उंची. प्रश्नातला खरा मुद्दा हाच आहे. सल्फाइड खाली चिखलात आणि ऑक्सिजन वर पाण्यात, दोन्ही एका जागी फार वेळ टिकत नाहीत कारण एकमेकांशी रिअ‍ॅक्शन होऊन संपतात. ज्याला दोन्ही पाहिजेत त्याला एक टोक खाली आणि एक वर ठेवावंच लागतं. मेक्सिकोच्या आखातात लॅमेलिब्राकिया म्हणून नळीकृमी आहे, तो मुळासारखा भाग गाळात खुपसतो, तिथून सल्फाइड ओढतो आणि वरच्या तुऱ्यानं ऑक्सिजन घेतो. त्याचं वय २०० वर्षांच्या आसपास जातं. ब्लड केल्पला ह्याच कामाची वेल समजा, म्हणजे अंधारात उंच व्हायचं कारण मिळतं.

निशाचर

ताई, हे वाचायला मस्त आहे पण दोन शंका. त्या खंदकात गरम झरे कुठं दिसतात? आणि तळाशी ब्लड क्रॉलर, क्रॅबस्क्विड असले प्राणी फिरतात. सल्फाइड विषारी ना? मग ते सगळे मरायला पाहिजेत.

तुरीची_शेंग

झरे गरमच लागतात असं नाही, लॅमेलिब्राकिया राहतो तिथं थंड पाण्यातच मिथेन, तेल आणि सल्फाइड झिरपत असतं. आणि खंदकाच्या पोटातून वाट कुठं जाते आठवा, लॉस्ट रिव्हरला, त्या खालच्या गुहांत. तिथं ती हिरवी ब्राइन, म्हणजे अति खारट पाणी, साठलेली आहे ना, अंगाला लागली की हेल्थ उतरवणारी. आपल्या पृथ्वीवरही समुद्रतळाशी खारट डबकी असतात आणि त्यांच्या काठाला शिंपल्यांची दाटी असते, त्या शिंपल्यांच्या कल्ल्यात मिथेन खाणारे बॅक्टेरिया. तेव्हा खालून ब्राइन आणि गॅस फटीतून वर गाळात झिरपतोय, केल्पची मुळं त्यात, एवढं धरलं तरी पुरे.

क्रॉलर मरत नाहीत कारण विष गाळात आहे, वरच्या पाण्यात ते टिकत नाही. खऱ्या झऱ्यांजवळ खेकडे, मासे असतातच की. उलट मी म्हणेन क्रॉलर तिथं असणं हा पुरावा आहे, पाण्यात ऑक्सिजन आहे म्हणून ते आहेत, आणि तोच ऑक्सिजन वेलीच्या शेंड्याला लागतो. आता गंमत बघा, तो ऑक्सिजन कुणी बनवला? वर उन्हात असलेल्यांनी. म्हणजे वरचं क्रीपव्हाइन कुणी सगळं तोडलं तर खालच्या ब्लड केल्पलाही एक दिवस त्रास होणार. अंधारात आहे म्हणून सूर्याशी संबंध नाही असं काही नाही.

मोहोळचा_ऊसवाला

सिलिकॉनचं मी सांगतो, बॉटनी येत नाही पण ऊस येतो. तोडणीला गेलात की पाल्यानं हात का कापतात? पानाच्या कडेला सिलिकाचे बारीक दात असतात. ज्वारी, भात, बांबू सगळे जमिनीतून सिलिका ओढतात. तेव्हा झाड सिलिकॉन उचलतं हे नक्की, पण ती झाली सिलिका, काचेच्या जातीची. रबरात सिलिकॉन आणि ऑक्सिजनची साखळी असते आणि प्रत्येक सिलिकॉनला कार्बन चिकटलेला लागतो. तो सिलिकॉन-कार्बन जोड निसर्गात कुणी करताना सापडलेला नाही.

पण २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात फ्रान्सिस अरनॉल्ड यांच्या लॅबनं गरम झऱ्यातल्या एका बॅक्टेरियाच्या प्रोटीनला थोडे बदल करून हाच जोड करायला लावला. त्यांना २०१८ ला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं (एन्झाइमच्या कामासाठी, ह्या एकाच गोष्टीसाठी नाही). कच्चा माल माणसानं पुरवला होता हे खरं. पण प्रोटीनला ते जमू शकतं एवढं सिद्ध झालं, मग गेममधल्या ४५४६बी ग्रहावर कोट्यवधी वर्षं मिळाली तर का नाही.

निशाचर

पण वेलीला रबर कशाला पाहिजे राव, ती काय टायर बसवणार आहे?

मोहोळचा_ऊसवाला

बी तरंगायला, कुरतडणाऱ्याच्या दाताला चिवट लागायला, पाणी आत न शिरायला. त्याच घोसाचं लुब्रिकंट पण बनतं गेममध्ये, म्हणजे आत तेलकट काहीतरी आहेच. नारळाचा काथ्या नाही का मैलोन् मैल तरंगत जातो.

जुळे_सोलापूरकर

ताई, दादा, लई भारी. उंचीचं तर डोक्यात पक्कं बसलं. आता एकच अडलंय. मी ब्लड ऑइल आणून बी म्हणून बेसच्या बाहेर ग्रोबेडमध्ये, म्हणजे लागवडीच्या वाफ्यात, लावलंय, उथळ पाण्यात, छान ऊन लागतंय, आणि ते मस्त वाढतंय. तिथं सल्फाइड कोण घालतं?

तुरीची_शेंग

२०० वर्षं जगणाऱ्या नळीकृमीसारखी म्हटलेली वेल बघता बघता मोठी होतेय ह्याचं पण उत्तर शोध मग. ग्रोबेडपुरतं मी तुझ्या रूममेटच्या बाजूनं आहे.

लका_कॅफेवाला

ग्रोबेडमधल्या मातीत आमच्या कॅफेमागच्या नाल्याचा गाळ असणार. सल्फाइड गॅरंटीड, येऊन वास घ्या.