आयटी सपोर्टमधले पहिले दिवस: आपापले अनुभव सांगा

भाचा सोमवारपासून अंबडच्या एका कंपनीत आयटी सपोर्टला ट्रेनी म्हणून लागतोय. आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा) ट्रेड झालाय, म्हणजे वर्षभर कॉम्प्युटर हाताळलाय, चिडलेला माणूस नाही. मी स्वतः अकाउंट्सवाला, प्रिंटर अडला की याच पोरांच्या नावाने हाका मारणारा. तेव्हा या कामातल्यांनी आपला सुरुवातीचा काळ सांगा. कंपन्यांची नावं नकोत. फजिती असेल तर ती आधी.

*सातपूरहून*

माझा दुसरा आठवडा. सव्वानऊला डिस्पॅचमधून फोन, "नेट गेलंय, गाडी गेटवर उभी आहे, बिल निघत नाही." सिनियर सिन्नरच्या प्लांटला. फोनवर म्हणाला, कनेक्टर बदल. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा आतल्या तारांचा क्रम मी रामरक्षेसारखा पाठ केला होता. चार कनेक्टर क्रिंप केले, म्हणजे वायरीवर दाबून बसवले, टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले, नेट नाहीच. गाडीचा ड्रायव्हर येऊन माझ्या मागे उभा. मग कुठे आयपीकॉन्फिग, म्हणजे पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) दाखवणारी कमांड, मारायचं सुचलं. आमचे आयपी १० ने सुरू व्हायचे, इथे १९२.१६८ दिसत होता. म्हणजे आमच्या सर्व्हरच्या आधी दुसरंच कोणीतरी पत्ते वाटत होतं! वायर धरून शोधत गेलो, तर सुपरवायझरच्या कपाटावर, जेवणाच्या डब्याच्या पिशवीमागे, घरून आणलेला वायफाय राउटर. मोबाइलला रेंज मिळेना म्हणून साहेबांनी आमची वायर त्याच्या लॅन पोर्टात खोचलेली. तो काढला, पीसींना नव्याने आयपी घ्यायला लावला, बिल निघालं. साहेब आठवडाभर बोलले नाहीत. तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, त्यांचं नाव लिहावं की नाही यात माझा अर्धा तास गेला. शेवटी 'अनधिकृत उपकरण काढले' एवढंच लिहिलं.

*नाशिकरोडहून*

"पासवर्ड घेत नाही" म्हणून भर पावसात गाडीवर पंचवटी गाठली. नमलॉक बंद होता, बाजूच्या बटणांतून आकडे उमटतच नव्हते. रेनकोटसुद्धा काढावा लागला नाही.

*कॉलेज रोडवरून*

मी ताई आहे, आणि पहिले सहा महिने "मॅडम, इंजिनियर कधी येणार?" हेच ऐकलं. असो. माझी चूक सांगते. एका ऑफिसातला पीसी फारच मंद, म्हणून फॉरमॅट करायचा ठरलं. "डेटा कुठे आहे काका?" "सगळा डी ड्राइव्हला." मी विश्वास ठेवला. विंडोज टाकून झाली, काका आले, चष्मा लावला, म्हणाले, "माझी फोल्डरं कुठायत, इथे समोर होती ती?" समोर म्हणजे डेस्कटॉपवर. डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं, आणि मी उघडून बघितलं नव्हतं. रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. निम्म्या फायली नाव हरवून आल्या. जी मराठी पत्रं परत मिळाली ती उघडली तर नुसती चिन्हं, कारण जुना फॉन्टही फॉरमॅटमध्ये गेला होता. तो एका डीटीपीवाल्याकडून आणला तेव्हा अक्षरं दिसली. आजही माणूस 'डी ड्राइव्ह' म्हणाला की मी आधी डेस्कटॉप आणि डाउनलोड्स कॉपी करते.

*सिडकोतून*

कामाचं सगळे सांगतायत, मी कागदाचं सांगतो. माझ्या पहिल्या ठिकाणी मूळ मार्कशीट ठेवून घेतली होती. सोडताना ती परत मिळवायला दोन महिने चकरा मारल्या. भाच्याला म्हणावं, झेरॉक्स दे, मूळ कागद दाखव आणि परत पिशवीत टाक.

*पुन्हा सातपूरहून*

आणि विंडोज १० चे पीसी मोजून ठेव म्हणावं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण शॉपफ्लोरवर अजून तेच चालू असतात. यादी तयार ठेवणारा ट्रेनी साहेबांना पटकन आठवतो.

*धागा काढणारा*

सगळ्यांचे आभार. भाचा सोमवारी जाऊन आला. दिवसभर सीपीयूवर नंबरांचे स्टिकर लावायचं काम दिलं. टेबलाखाली रांगून गुडघे पांढरे करून आला. म्हणतो, "मामा, एका बाईंनी हीटर आणि पीसी एकाच एक्स्टेन्शनवर लावलाय. सांगू का?" मी म्हटलं, सांग, पण आधी त्यांना नमस्कार कर.