मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात नोटरी आहे, काकूंच्या कुलमुखत्यारपत्राचं काय करू?

शरयू_बे

नमस्कार मंडळी,

मी बे एरियात राहते. यंदा इथली नोटरी पब्लिक झाले. सहा तासांचा कोर्स, परीक्षा, बोटांचे ठसे, 15,000 डॉलरचा बॉण्ड, काउंटी क्लार्ककडे शपथ, असं सगळं रीतसर पार पाडलं आणि कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून (म्हणजे राज्य सरकारच्या सचिव कार्यालयाकडून) मिळालेली 4 वर्षांची नेमणूक लागू झाली. आपल्याकडे नोटरी म्हणजे वकीलच असतो, तोही 10 वर्षं (महिला असेल तर 7) वकिली केलेला. इथे तसं नाही. मी वकील नाही आणि कायद्याचा सल्ला द्यायला मला मनाई आहे. हे आधीच सांगते, कारण ओळखीतले बरेच जण वकील समजूनच फोन करतात.

आता मुद्द्याचं. महाराष्ट्र मंडळातल्या एका मित्राच्या आई, आम्ही सगळे त्यांना काकूच म्हणतो, इथे मुलाकडे असतात. ग्रीन कार्ड आहे. वाईजवळच्या वडिलोपार्जित जमिनीतला त्यांचा हिस्सा विकायचा आहे, म्हणून धाकट्या भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं आहे. अक्षय्य तृतीयेला साठेखत करायचं असं खरेदीदाराशी ठरलंय, त्यामुळे मामांचे रोज फोन येताहेत.

अडचण ओळखपत्राची आहे. काकूंच्या भारतीय पासपोर्टची मुदत संपली आहे. इथल्या नियमाप्रमाणे ओळखपत्र चालू तरी हवं, नाहीतर गेल्या 5 वर्षांत दिलेलं हवं. पासपोर्ट 10 वर्षांचा, म्हणजे तो बाद. ग्रीन कार्ड मान्य कागदपत्रांच्या यादीतच नाही. हे मित्राला पटतच नाही. तो म्हणतो, "अगं, आईला तू कित्येक वर्षं ओळखतेस, तुझ्या घरी जेवलीय ती. आणखी काय पुरावा पाहिजे?" पण कॅलिफोर्नियात 2008 पासून नोटरीची स्वतःची ओळख पुरावा म्हणून धरतच नाहीत. माझी सख्खी आई आली तरी मला तिचं ओळखपत्र बघावंच लागेल.

मग राहतात दोन साक्षीदार, ज्यांच्याकडे स्वतःची वैध ओळखपत्रं आहेत आणि जे काकूंना ओळखतात. मित्र म्हणतो, मी आणि बायको उभे राहतो. पण विक्रीचे पैसे ज्या जोडखात्यात जमा व्हायचे आहेत त्यात त्याचं नाव आहे, आणि ते मसुद्यात लिहिलेलं आहे. ज्याचं नाव दस्तात आहे किंवा ज्याचा पैशाचा संबंध आहे तो साक्षीदार होऊ शकत नाही, असं मी समजते. बायकोचं काय? मंडळातले दुसरे दोघे चालतील का?

दुसरा प्रश्न अंगठ्याचा. स्थावर मिळकतीच्या दस्तावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर सही करणाऱ्याचा उजव्या अंगठ्याचा ठसा माझ्या जर्नलमध्ये (नोटरीच्या नोंदवहीत) घ्यावाच लागतो. काकू निवृत्त शिक्षिका आहेत. मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चष्मा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला सही येते गं. अंगठा कशाला?" अख्खी हयात मुलांना सही करायला शिकवलेल्या बाईला हे लागलं, आणि मला काय बोलावं सुचेना. त्यांचा मान राखून कसं समजावू?

तिसरं जास्त टोचतंय. मसुदा मराठीत आहे. नोटरीचा संबंध फक्त सही करणाऱ्याच्या ओळखीशी आणि सहीशी असतो, मजकुराशी नाही. दस्ताला नोटरी जे प्रमाणपत्र जोडते त्यावरच्या चौकटीतही तेच छापलेलं असतं. पण मला मराठी वाचता येतं! त्यात "माझ्या सर्व स्थावर मिळकती" विकण्याचा अधिकार दिलाय. काकूंच्या बोलण्यावरून त्यांना एवढ्या एकाच जमिनीचा द्यायचा आहे. मी गप्प बसू का? आणि बोलले तर तो सल्ला ठरेल का?

कोणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

सॅक्रामेंटोकर

शरयूताई, साक्षीदारांनी शपथेवर काय सांगायचं असतं ते पूर्ण वाचा. सही करणारी व्यक्ती दस्तात नाव असलेलीच आहे, ती साक्षीदाराच्या ओळखीची आहे, तिच्याकडे मान्य ओळखपत्र नाही, साक्षीदाराचा पैशाचा संबंध नाही, हे तर आहेच. पण त्यात आणखी एक वाक्य आहे: दुसरं ओळखपत्र मिळवणं तिला फार अवघड किंवा अशक्य आहे. काकूंकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे डीएमव्हीमधून (इथलं आरटीओसारखं कार्यालय) कॅलिफोर्नियाचं ओळखपत्र मिळू शकतं. 62 च्या पुढच्यांना ते फुकट आहे. मग मंडळातली माणसं ती शपथ कशी घेणार? सून की शेजारी, हा प्रश्न मला पुढचा वाटतो.

माझ्या मते डीएमव्हीचाच रस्ता धरा. फक्त तिथे हातात मिळणारा तात्पुरता कागद धरून सही करून घेऊ नका, त्यावर फोटो नसतो. कार्ड पोस्टाने घरी येऊ द्या. आणि काकूंना तुमच्यासमोर यावं लागेल किंवा तुम्हाला त्यांच्याकडे जावं लागेल, मुलाने सही करून आणलेला कागद नको. इथल्या नोटरींसाठी ऑनलाइन नोटरायझेशन अजून सुरू झालेलं नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर उरकता येणार नाही.

दस्तवाले_पुणे

काकूंना सांगा, आता वाईला दुय्यम निबंधकाकडे गेलात तर तिथेही प्रत्येकाचा फोटो आणि अंगठा घेतात. प्राध्यापक असो, डॉक्टर असो, न्यायाधीश असो. सही येत नाही म्हणून घेत नाहीत. सहीची नक्कल कोणीही करू शकतो, उद्या कोणी काकूंच्या नावाने खोटा कागद केला तर हाच ठसा त्यांच्या बाजूने उभा राहील. शिक्षिकेला हे लगेच पटेल.

इकडचं थोडं सांगतो. नोंदणी अधिनियमाच्या कलम 33 प्रमाणे परदेशात राहणाऱ्याने तिथल्या नोटरीसमोर केलेलं कुलमुखत्यारपत्र चालतं. त्यावर सेक्रेटरी ऑफ स्टेटचं अपोस्टील, म्हणजे नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचा परदेशात चालणारा दाखला, करून घ्या. अपोस्टीलचा आंतरराष्ट्रीय करार भारतात 2005 पासून लागू आहे. कागद भारतात पोचला की 3 महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं. इथेच लोक चुकतात. पाकीट कपाटात ठेवतात आणि साठेखताच्या आदल्या दिवशी काढतात. मामांना सांगा, कागद हातात पडताच मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. भावाला मोबदल्याशिवाय दिलेला अधिकार असेल तर शुल्क अगदी किरकोळ असतं.

"सर्व मिळकती" मात्र मलाही आवडलं नाही. एका जमिनीच्या व्यवहारासाठी गट नंबर, क्षेत्र, गाव, तालुका घालून मर्यादित अधिकार देता येतो. मी शंभर वेळा हेच सांगतो.

निशिगंधा

मीही नोटरी आहे, लॉस एंजेलिसकडे. मजकूर बदला असं आपण म्हणायचं नाही, अर्थही सांगायचा नाही. पण "काकू, हा कागद तुम्ही स्वतः वाचलात का? काही विचारायचं असेल तर आधी तुमच्या वकिलांशी बोला," एवढं विचारण्यात सल्ला नाही. मी हे मुलांना दुसऱ्या खोलीत बसवून विचारते. काकूंशी तुम्ही थेट मराठीत बोलू शकता हे फार मोलाचं आहे, कारण इथे दुभाष्यामार्फत नोटरायझेशन करता येत नाही. आणि मराठीतून जाहिरात करणार असाल तर "मी वकील नाही" ही सूचना मराठीतही घालावी लागते, हे लक्षात असू द्या.

शरयू_बे

सगळ्यांचे मनापासून आभार. शपथेतलं ते वाक्य मित्राला वाचून दाखवल्यावर त्याने स्वतःच डीएमव्हीची वेळ घेतली. थोडा नाराज आहे, पण मामांना साठेखत पुढे ढकलायला त्यानेच सांगितलं.

काल काकूंकडे जाऊन आले. निशिगंधाने सांगितलं तसं विचारलं. त्यांनी चष्मा लावून मसुदा पहिल्या ओळीपासून वाचला, लाल पेन मागितलं आणि "सर्व" या शब्दाखाली रेघ मारली. वाईच्या वकिलांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. नवा मसुदा गट नंबर घालून येतोय. अंगठ्याला आता त्यांची हरकत नाही.

एकच राहिलं. अपोस्टीलसाठी सॅक्रामेंटोला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे पोस्टाने पाठवलं तर सध्या किती दिवस लागतात? 20 डॉलरचा चेक आणि परतीचं पाकीट जोडायचं, एवढं माहीत आहे. नुकतंच कोणी केलं असेल तर सांगा, म्हणजे मामांना नवी तारीख ठरवता येईल.