1984 च्या पोर्शे 911 कॅरेराची मागची उंची खाली घ्यायची आहे, सल्ला हवा

कातळवाट:
गाडी अमेरिकन बाजाराची, म्हणजे कारखान्यातूनच उंच बसवलेली. मागून साधारण 20 मिमी खाली घ्यायची आहे. शिवाय मडगार्डच्या कडेला टेप लावला तर उजवी बाजू डावीपेक्षा 12 मिमी उंच भरते. स्प्रिंग प्लेट (टॉर्शन बारला मागच्या आर्मशी जोडणाऱ्या पट्ट्या) दोन भागांच्या, एक्सेंट्रिकवाल्या आहेत, म्हणजे मध्य सोडून बसवलेला बोल्ट फिरवून उंची थोडी बदलता येते. टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) न काढता काम भागेल का?

पाना_सतरा:
आधी मडगार्डवरून मोजणं सोडा. चाळीस वर्षांच्या गाडीचा पत्रा कधी ना कधी ठोकलेला असतोच, त्यावर भरवसा ठेवू नका. जमिनीपासून चाकाच्या मध्याची उंची घ्या, मग टॉर्शन बारच्या मध्याची, आणि दोन्हींतला फरक दोन्ही बाजूंना लिहून ठेवा. बारचा मध्य स्प्रिंग प्लेटवरच्या झाकणाच्या मधोमध सापडतो. टाकी भरलेली, टायरमधली हवा बरोबर, फरशी सपाट, आणि गाडी जॅकवरून उतरवल्यावर आठ-दहा मीटर पुढे-मागे ढकललेली हवी. हे शेवटचं टाळलं तर आकडे फसवतात: मागची चाकं खाली येताना बाहेर सरकायला बघतात, टायर जमिनीला धरून बसतो आणि गाडी उगाच उंच दिसते.

मोजण्याआधी अँटिरोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडा. ताणात बसलेली लिंकसुद्धा एक बाजू उचलून धरते.

घाटमाथा:
एक्सेंट्रिकमध्ये जागा शिल्लक असेल तर बार काढावा लागणार नाही. गाडी स्टँडवर, चाक काढलेलं, ट्रेलिंग आर्मखाली (चाक धरणाऱ्या भुजेखाली) छोटा जॅक हलका टेकवलेला. प्लेटचे दोन भाग आवळणारे बोल्ट सैल करा आणि एक्सेंट्रिक फिरवा. पाना जोर मागतोय असं वाटलं तर थांबा, जॅक थोडा वरखाली करून भार काढा. भाराखाली फिरवलं की षटकोनाच्या कडा झिजतात, मग पाना धरतच नाही.

हे बोल्ट आणि आर्मवरचे कॅम्बर-टोचे (चाकाचा उभा कल आणि आत-बाहेर वळण ठरवणारे) बोल्ट वेगळे आहेत. घाईत भलताच सैल झाला तर अलाइनमेंट हलेल, म्हणून कॅम्बर-टोच्या बोल्टवर आधी रंगाने खूण करून ठेवा.

कातळवाट:
उजवा एक्सेंट्रिक आधीच खालच्या टोकाला आहे. आता?

घाटमाथा:
मग दाते बदलावे लागतील, म्हणजे बार काढून टोकांच्या दात्यांवर फिरवून बसवावा लागेल. बारच्या आतल्या टोकाला 40 दाते, बाहेरच्या टोकाला 44. आतला एक दाता म्हणजे 9 अंश, बाहेरचा एक म्हणजे 8 अंश 11 मिनिटं (60 मिनिटं म्हणजे एक अंश). आत एक दाता वर आणि बाहेर एक दाता खाली केला की निव्वळ फरक 49 मिनिटांचा, म्हणजे चाकापाशी साधारण 6 ते 7 मिमी. 20 मिमीसाठी असे तीन टप्पे धरा. पण आधी एक्सेंट्रिक मध्यावर आणा, त्याने झालेला बदल हिशेबात घ्या, आणि मगच दाते ठरवा. नंतर बारीक जुळवणीला दोन्हीकडे वाव राहतो.

शॉक अॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढण्याआधी आर्मखाली जॅक हवाच, कारण आर्मला खाली जाण्यापासून शॉकच अडवत असतो. झाकण काढल्यावरही प्लेट तिच्या बैठकीच्या खालच्या ओठावर (कडेवर) ताणात टेकलेली असते. ती ओठावरून सुटताना जोरात खाली येते, त्या वेळी हात आणि चेहरा तिच्या वाटेत नको.

बाहेर आलेल्या बारवर डावा-उजवा कोणता ते टोकावरची खूण बघून चिठ्ठी लावा. हे बार एकाच दिशेने पीळ घ्यायला बनवलेले असतात, अदलाबदल झाली तर तुटतील. रंगावर ओरखडा दिसला तर तिथेच रंग लावा. ओरखड्यात गंज धरतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. दात्यांना लिथियम ग्रीस.

जुन्या दात्यांवरून मोजत बसण्यापेक्षा लोंबत्या प्लेटचा कोन डिजिटल कोनमापकाने घ्या आणि त्यातून दरवाज्याखालच्या सिलचा कोन वजा करा. दोन्ही बाजू तशाच घ्या.

रबरी_बुश:
प्लेट हातात आलीच आहे तर बुश (प्लेट जिथे फिरते तिथलं रबरी अस्तर) बघा. रबर प्लेटला चिकटवलेलं असतं. खालची बाजू दबून पातळ झाली असेल तर दाते कितीही जुळवा, गाडी पुन्हा बसेल. रस्त्यासाठी रबरच घ्यावं असं माझं ठाम मत. पॉलियुरेथेन काही महिन्यांत कुरकुरतं आणि अडकलं की उंचीचं मापही दर वेळी वेगळं येतं.

पाना_सतरा:
उजव्या बाजूच्या 12 मिमीबद्दल, दाते ठरवण्याआधी: सांगाडा ताठ असतो, त्यामुळे मागे उजवी बाजू उंच असेल तर पुढेही उजवीच उंच दिसते. दोष कोणत्या कोपऱ्याचा, हे टेप सांगत नाही. चारही चाकांखाली वजनकाटे लावा, चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतकी पोती ठेवा. मागचं उजवं आणि पुढचं डावं मिळून जड भरलं तर मागच्या उजव्याला खाली घ्या. उलट कर्ण जड असेल तर दोष पुढच्या उजव्याचा, आणि तो पुढच्या टॉर्शन बारच्या स्क्रूने जातो. मागचं उघडायची गरजच नाही.

एका कोपऱ्यावर केलेला बदल बाजूच्या फरकात पूर्ण उतरत नाही, पुढच्या स्प्रिंगा विरोध करतात. थोडं फिरवा, गाडी ढकला, पुन्हा मोजा.

सगळं जुळल्यावर अँटिरोल बारच्या लिंक गाडी चाकांवर उभी असताना, ताण न देता लावा. मागे 20 मिमी उतरल्याने कॅम्बर आणखी ऋण झालेला असेल, म्हणून पूर्ण अलाइनमेंट करून घ्या. शॉकच्या बंप स्टॉपपर्यंत (चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरापर्यंत) किती जागा उरली तेही बघा. ती संपली तर खड्ड्यात स्प्रिंग नाही, थेट सांगाडा मार खातो.