स्लॅबच्या घरासाठी गरम-थंड एसी घेताना काय पाहावे?

प्रश्न (वरोरा तालुका, जि. चंद्रपूर)

नमस्कार. माझ्या बाबांची खोली बारा बाय चौदा फुटांची असून तिच्यावर थेट स्लॅब आहे व एक भिंत पश्चिमेला आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, की रात्री अकरा वाजतासुद्धा त्या भिंतीला पाठ टेकवत नाही. उलट जानेवारीत पहाटे थंडीने बाबांचे गुडघे आखडतात आणि आम्ही कॉइलचा हीटर लावतो. उन्हाळा आणि हिवाळा दोन्हींसाठी गरम-थंड इन्व्हर्टर एसी, म्हणजेच हीट पंप, घेणे योग्य ठरेल का? स्टार सोडून आणखी काय पाहावे?

उत्तर १ (हिंगणघाट, एसी दुरुस्तीचे काम करतो)

ताई, हिवाळ्यासाठी हा निर्णय योग्य आहे. कॉइलचा हीटर एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतो, तर हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढत असल्यामुळे आपल्याकडच्या ८-१० अंशांच्या थंडीतही साधारण तिप्पट देतो. मात्र लेबलवरचे स्टार आयएसईईआरवरून, म्हणजे केवळ थंड करण्याच्या कामगिरीवरून ठरतात. गरम करण्याचा सीओपी, म्हणजे एक युनिट विजेत किती युनिट उष्णता मिळते तो आकडा, माहितीपत्रकात वेगळा पाहावा लागतो. शिवाय स्टारचे गणित बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश धरून केलेले असते. त्यामुळे आपल्या मे महिन्यासाठी ४६ अंशांना यंत्र किती क्षमता देते, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. या खोलीला मी दीड टनाचेच यंत्र सुचवीन. बाहेरचे युनिट पश्चिमेच्या भिंतीवर मुळीच लावू नका. उत्तरेला, सावलीत, पण हवा मोकळी जाईल असे लावा.

उत्तर २ (आर्वी, जि. वर्धा)

दादांच्या म्हणण्याला माझी एक जोड आहे. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि नेमक्या एसी चालण्याच्या दिवसांतच अर्थिंग कमजोर होते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला पाणी टाकत जा. आमच्या गावात रात्री शेतीचे पंप सुरू झाले, की व्होल्टेज इतके उतरते की ट्यूबलाइट फडफडते, तेव्हा स्टॅबिलायझर घेण्याआधी मीटर लावून त्या वेळचे व्होल्टेज मोजा. सोयाबीन-तुरीच्या मळणीत कुटार उडते; त्या दिवसांत एसीची जाळी दर आठ दिवसांनी धुवावी लागते. आणि कुलर विकू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो फार थोड्या विजेत उत्तम काम देतो. जूनमध्ये हवा दमट झाली, की तो निकामी ठरतो आणि खरी गरज एसीची पडते.

उत्तर ३ (चंद्रपूर)

यंत्र घेण्यापूर्वी स्लॅबवर पांढरा चुना मारून घ्या व पश्चिमेला सावलीची जाळी बांधा. आत शिरणारी उष्णताच कमी झाली, तर तेच यंत्र कमी वीज खाईल आणि २४ अंशांवरही बाबांना आराम पडेल.

प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. चुना या रविवारीच मारून घेते आणि आज रात्री पंप सुरू झाल्यावर व्होल्टेज मोजून इथे आकडा कळवते. उत्तरेच्या भिंतीलगत गोठा आहे. तिथे बाहेरचे युनिट लावल्यास त्याच्या गरम हवेचा गुरांना त्रास होईल का, तेवढे कृपया सांगावे.

उत्तर १

होईल, ताई. गोठ्याच्या छपरापेक्षा उंच, तोंड मोकळ्या बाजूला करून लावा, म्हणजे गरम हवा वरच्या वर निघून जाईल.