प्रायमर मिळेनासे झाले तरी सराव थांबवू नये

अमेरिकेत प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी बसणारी, पिनेच्या आघाताने पेटून आतली बंदुकीची दारू पेटवणारी छोटी टोपी) मिळेनासे झाले, तर नेमबाजी थांबवावी का, असा प्रश्न विचारला जातो; त्याच्या उत्तरात थोडी भर घालतो. घरी काडतुसे भरणाऱ्यांना पितळी पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचे) जपून अनेकदा वापरता येतात आणि शिशाच्या गोळ्या घरी ओतता येतात, परंतु प्रायमर घरी बनवणे अतिशय धोक्याचे असल्याने सारे गाडे तिथेच अडते. ते बनवणारे मोठे कारखाने देशात मोजकेच आहेत आणि त्यांपैकी रेमिंग्टन २०२० साली, मागणी उसळलेली असतानाच, दिवाळखोरीत गेली. हाती लागेल तो दुसरा प्रायमर वापरायचा असेल, तर काडतुसातला दाब बदलू शकतो हे ध्यानात घेऊन दारूचे प्रमाण आधी कमी करावे आणि काडतुसे भरण्याच्या पुस्तिकेप्रमाणेच वाढवावे.

माझा खरा आग्रह मात्र गोळीविना सरावाचा आहे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, रोज पंधरा मिनिटे केवळ नेम, श्वास आणि घोड्याची ओढ यांवर लक्ष द्यावे (.२२ रिमफायरमध्ये, म्हणजे जिची पिन काडतुसाच्या कडेवर आघात करते अशा बंदुकीत, नकली काडतूस घालावे, अन्यथा पिन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, कडेवर आदळू शकते). जोडीला १० मीटरची एअर रायफल घेतल्यास छऱ्यांचा खर्चही फारच कमी येतो. शिल्लक राहिलेली काडतुसे मी स्पर्धेपूर्वीच्या तपासणीपुरतीच वापरतो.