'लो लिबिडो'ला मराठीत बायका काय म्हणतात? (पत्रकासाठी शब्द हवाय)

खाडीकाठ (घोडबंदर रोड, ठाणे)

मंडळी, मदत करा. आमच्या महिला मंडळात रजोनिवृत्तीवर एका डॉक्टरबाईंचं बोलणं ठेवलंय आणि त्यांच्या इंग्रजी पानांचं मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. हॉट फ्लॅशेस, हाडं, झोप हे सगळं निभावलं पण 'लो लिबिडो'पाशी गाडी अडली. आधी मी 'कामेच्छा कमी होणे' लिहिलं आणि कच्ची प्रत एका काकूंना वाचायला दिली, तर त्या म्हणतात अगं अगदी खरंय, हल्ली पोळ्या लाटायला उभं राहायचाही कंटाळा येतो. मग 'कामवासना' केलं तर दुसऱ्या म्हणाल्या हे वासनाबिसना लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लावणार आहेस का? आता सुचवा काहीतरी. नोटीस बोर्डावर चालेल आणि काकूंना पोळ्या आठवणार नाहीत असं.

शब्दखूळ (वाशी)

काकूंचं चूक नाहीये. 'काम' हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, दिसायला एकच. इच्छा या अर्थाचा काम संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, आणि धुण्याभांड्यांचं काम आलंय कर्म-कम्म-काम असं प्राकृतातून घासत घासत. रोजच्या बोलण्यात दुसराच जिवंत आहे, पहिला षड्रिपूंच्या यादीत आणि समासात उरलाय.

'वासना'ची तर वाटच लागलीय. मुळात अर्थ साधा, मनावर राहिलेला ठसा, ओढ. अजूनही पिंडाला कावळा शिवेना की म्हणतात वासना कशात तरी अडकली असेल, तिथे कोणी दचकत नाही. पण पेपरवाल्यांनी 'वासनांध नराधम' छापून छापून तो शब्द गुन्हेगाराच्या नावावर करून टाकला, आता पन्नाशीच्या बाईला तुमची वासना कमी झालीय का विचारलंत तर ती बरंच झालं म्हणेल. 'रती' छान आहे पण कवितेत. लिबिडो स्वतः लॅटिन, अर्थ नुसता इच्छा, फ्रॉइडने त्याला मोठं केलं.

आणि मराठीत या विषयाला शब्द नाहीत असं कृपा करून कोणी म्हणू नका. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत याच विषयावर मराठीत मासिक चालवलं.

काउंटरमागची (नेरूळ)

मी मेडिकलच्या काउंटरमागे असते, डिग्री फार्मसीची आहे, म्हणून दोन शब्द. आमच्याकडे लिबिडो म्हणत कोणीच येत नाही. दुकान रिकामं व्हायची वाट बघतात, आधी क्रोसिनची स्ट्रिप घेतात, पैसे देऊन झाले की मग हळूच, "पाळी गेल्यापासून ना, मनच होत नाही" किंवा "जवळ आले की नकोसं वाटतं". एक बाई म्हणाल्या "आत काही हलतच नाही". इतकं नेमकं मी पुस्तकातही वाचलं नाही!

पण ताई तुमच्या पत्रकात एकच शब्द वापरून भागणार नाही. 'नकोसं वाटतं'च्या पोटात निदान तीन गोष्टी असतात आणि तिन्हींची औषधं वेगळी. मनच होत नाही ही इच्छेची गोष्ट. मन होतं पण शरीर साथ देत नाही ही उत्तेजनेची. आणि दुखतं, आग होते म्हणून नको, हा कोरडेपणा. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीची त्वचा पातळ आणि कोरडी पडते, त्याला डॉक्टर इस्ट्रोजेनचं आतून लावायचं क्रीम देतात, वरून ल्युब्रिकंट. दुखायचं थांबलं की कितीतरी जणींचं मन आपोआप वळतं. या बाईला 'कामेच्छा कमी' असं लेबल लावलंत तर ती डोक्यात काहीतरी बिघडलंय समजून घरी बसेल, आणि इलाज होता एका ट्यूबचा.

निवृत्त_कोपरी

एवढा काथ्याकूट कशाला? 'विरक्ती' हा सुंदर शब्द आहे आपल्याकडे. पन्नाशीनंतर मन संसारातून निघतं, पूर्वी वानप्रस्थ होता. प्रत्येक गोष्टीला गोळी हवीच का?

शब्दखूळ (वाशी)

काका, विरक्ती आपण होऊन घेतात. इथे बाई म्हणतेय की होतं ते गेलं आणि मला त्याचं वाईट वाटतंय, याला विरक्ती म्हणणं म्हणजे चष्म्याचा नंबर वाढलेल्याला अंतर्मुख म्हणण्यासारखं आहे.

खाडीकाठ

काका नेहमीसारखेच 😄 पण गंमत म्हणजे त्यांचा मुद्दा डॉक्टरबाईंच्या पानांत अर्धा आहेच. त्यात लिहिलंय की नुसती इच्छा कमी असणं हा आजारच नाही, ती कमी झाल्याचा बाईला स्वतःला त्रास व्हायला हवा आणि हे साधारण सहा महिने तरी चाललेलं हवं, तरच निदान. नवऱ्याला त्रास होतो म्हणून नाही हं, तिला स्वतःला. मी त्याला 'अल्पकामेच्छा विकार' लिहिलं होतं, आता बघूनच कसंतरी होतंय.

काउंटरमागची

'विकार' काढाच. मनोविकारातला विकार ऐकू येतो लगेच. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारवाल्यांनी त्यांच्या यादीत इच्छा आणि उत्तेजना या दोन तक्रारी एकत्र करून बायकांसाठी एकच नाव ठेवलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात इच्छेची तक्रार वेगळीच आहे. म्हणजे मोठ्यांचंच एकमत नाही, तुम्ही कशाला नावात अडकता, सरळ 'तक्रार' म्हणा. बायका डॉक्टरकडे तक्रारच घेऊन जातात.

आणि 'लेडीज वायग्रा' हा शब्द पत्रकात कुठेही येऊ देऊ नका प्लीज. एक गिऱ्हाईक व्हॉट्सऍपवरचा फोटो दाखवून हेच मागत होतं. वायग्रा रक्तपुरवठा वाढवते, इच्छा नाही. ज्याला हे नाव पडलं ते फ्लिबॅन्सेरिन, मुळात डिप्रेशनसाठी शोधलेलं, तिथे चाललं नाही, मग २०१५ साली अमेरिकेत पाळी चालू असलेल्या बायकांसाठी मंजूर झालं. मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करतं. लागेल तेव्हा घ्यायची गोळी नाहीच ती, रोज रात्री झोपताना १०० मिलिग्रॅम, आणि त्यावर दारू घेतली तर बीपी एकदम पडून चक्कर येऊ शकते. आठ आठवड्यांत फरक नसेल तर बंद. फरक तरी किती, तर अभ्यासांत खोट्या गोळीच्या तुलनेत महिन्याला सुमारे अर्धा ते एक समाधानकारक संबंधाचा प्रसंग जास्त, बस. दुसरं ब्रेमेलॅनोटाइड, २०१९ चं, पोटावर किंवा मांडीवर स्वतः टोचायचं इंजेक्शन, निदान ४५ मिनिटं आधी, आणि शंभरातल्या चाळीसेक जणींना मळमळ. मळमळत असताना कसला मूड येतोय, पण आहे ते आहे.

खाडीकाठ

बापरे. मग त्या पानांत 'मेल हार्मोन' पण आहे त्याचं काय करू? मी 'पुरुषी हार्मोन' केलंय.

काउंटरमागची

नको नको, टेस्टोस्टेरॉनच ठेवा, हल्ली सगळ्यांना माहितीये. पुरुषी म्हटलं की बाईच्या डोळ्यासमोर दाढी येते. ते बायकांच्या अंडाशयातही तयार होतं आणि वयाप्रमाणे कमी होत जातं. २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञ संघटनांनी मिळून सांगितलं की पाळी गेलेल्या बाईला इच्छेची तक्रार असेल तर त्वचेवर लावायच्या टेस्टोस्टेरॉनचा उपयोग होतो, बाकी ताकद, उत्साह, स्मरणशक्ती यांसाठी देऊ नका. बायकांसाठीचं वेगळं क्रीम ऑस्ट्रेलियात मिळतं, बऱ्याच देशांत डॉक्टर पुरुषांची जेल साधारण एक दशांश मात्रेत देतात. म्हणून नवऱ्याच्या जेलचं पाकीट फोडून लावू नये, जास्त झालं तर मुरुमं, हनुवटीवर केस, आवाज बदलला तर तो परत न येण्याची भीती. रक्तात किती आहे त्यावरून निदान होत नाही, पण सुरू केल्यावर मात्र तपासत राहायचं आणि सहा महिन्यांत गुण नाही आला तर थांबवायचं.

हे सगळं पुढचं. आधी बाकीच्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरसमोर उपडी करायची. डिप्रेशनच्या कितीतरी गोळ्यांनी इच्छा जाते (मनाने बंद मात्र करायच्या नाहीत), थायरॉइड, साखर, झोप न होणं, आणि सासूबाईंचं अंथरूण, मुलाची बारावी, ७:४८ ची लोकल. याला समुपदेशन, दोघांनी मिळून घ्यायची थेरपी असते, तीही औषधाइतकीच खरी.

शब्दखूळ (वाशी)

शब्दाकडे वळतो. मराठीत आपण इच्छा 'करतो' असं क्वचित म्हणतो, मला इच्छा 'होते', मन 'होतं'. आपोआप येते असं गृहीत. पण रोझमेरी बॅसन म्हणून कॅनडाच्या डॉक्टर आहेत, त्यांनी २००० साली मांडलं की बऱ्याच बायकांत, विशेषतः जुन्या नात्यात, इच्छा आधी नसते, जवळीक सुरू झाल्यावर मागून येते आणि ते नॉर्मल आहे. त्यासाठी 'जागणे' बरं, इच्छा जागते, जागवता येते. पत्रकात हे एक वाक्य टाकलंत तर निम्म्या बायका तक्रारीतूनच बाहेर पडतील.

खाडीकाठ

मस्त. तर मथळा असा करतेय: "जवळीक नकोशी वाटते? आणि त्याचं तुम्हालाच वाईट वाटतं?" खाली तीन ओळी, 'मनच होत नाही', 'मन होतं पण शरीर साथ देत नाही', 'दुखतं म्हणून नको वाटतं', प्रत्येकीने आपापल्या ओळीवर खूण करायची आणि कागद डॉक्टरबाईंकडे नाव न लिहिता द्यायचा. 'थंडपणा' शब्द एका जागी होता तो खोडला.

निवृत्त_कोपरी

मथळा चांगला आहे. एक सुचवू का? 'दोघांनाही' येऊ द्या बोलण्याला. आमच्या हिने मला तो कागद आणून दिला असता तर मी 'विरक्ती' म्हणालो नसतो बहुतेक.

खाडीकाठ

काका, हॉल सात वाजता उघडतो. खुर्च्या मांडायला माणसं हवीच आहेत.